दारूचा पैसा टिकत नाही म्हणता, तो गेला कुठे?

यंदाच्या आठ मार्चला आमच्या तालुक्याच्या गावी मेळावा झाला. बाया चांगल्या जमल्या होत्या. दारूबंदीवर बोलताना एक कार्यकर्ती म्हणाली, "दारू विकून कोणाचं भलं झालंय? आपल्याच जिल्ह्यातल्या कलारांची घरं पहा. एकेकाळी माडी होती, आज पडक्या भिंती आहेत. गोरगरीब बायांचा तळतळाट लागतो. दारूचा पैसा टिकत नाही!" टाळ्या पडल्या. मीही सवयीनं हात उचलले, मग खाली ठेवले. ती ज्या घरांबद्दल बोलत होती त्यातलं एक माझं आहे.

आधीच सांगून टाकते, मी दारूच्या बाजूची नाही. माझा बाप दारूनंच गेला. तीस वर्षं मी या प्रश्नावर मोर्चे काढलेत, ठाण्यात रात्री काढल्यात. पण हे 'तळतळाट' प्रकरण मला पटत नाही. तळतळाट म्हटलं की हिशेब विचारायचं काम संपतं. पैसा आला, पाप म्हणून गेला. कोणाच्या हातात गेला, हे कोणी विचारत नाही. आणि तो गेला त्या वाटेवरच आजही आपल्या भगिनी उभ्या आहेत, काही गुत्त्याच्या बाहेर आणि काही गुत्त्याच्या आत.

'गुत्ता' या शब्दापासूनच सुरुवात करू. आज आपण तो दारूच्या अड्ड्याला वापरतो. मूळ अर्थ मक्ता, ठेका. सरकारात रक्कम भरून घेतलेला हक्क. म्हणजे दारूच्या दुकानाचं नावच सांगतं की हा धंदा कोणाच्या परवानगीनं आणि कोणाच्या तिजोरीसाठी चालला.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, १९०५ पर्यंत. मोह इथं रानभर. गोंड, कोलाम मोहाची काढत, कलार काढून विकत. इंग्रजांनी हे काढणं-विकणं लिलावात काढलं. काही मुलखात गावच्या भट्टीचाच लिलाव होई: ठरलेली रक्कम भरा, मग हवी तेवढी काढा, हवी तेवढी विका. घेणारा जास्तीत जास्त पाजणार हे उघडच होतं, कारण रक्कम त्यातूनच निघायची. दुसरी पद्धत म्हणजे सरकारच्या नजरेखाली एका जागी भट्टी आणि गॅलनमागे कर. १९०५-०६ मध्ये इंडियन एक्साइज कमिटीनं देशभर पाहणी केली. त्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात गावच्या भट्ट्या मोडून मोठ्या कंत्राटदाराच्या भट्टीतली दारू दुकानांना पुरवायची रीत पसरली. माझ्या पणजोबाच्या हातचं कसब तिथं संपलं. तो कारागीर होता, तो नुसता विक्या झाला. दारू कंत्राटदाराची, कर सरकारचा, लिलावाची रक्कम सरकारची. कलाराच्या वाट्याला गिऱ्हाईक, शिव्या आणि उधारी.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. त्यांनी जाब दुकानदाराला विचारला नाही, परवानगी देणाऱ्याला विचारला. आपण मात्र दुकानाच्या ओट्यापर्यंतच पोचतो.

आता माझ्या घराचं सांगते. गाव केळापूरच्या बाजूचं, नाव देत नाही. आजी लग्न होऊन आली तेव्हा तेराची असेल. सासरी दुकान होतं, माडी होती, दोन बैलजोड्या होत्या. परवाना आजोबाच्या नावावर. पण आजोबा दिवसभर बाजारात किंवा कचेरीत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसायची आजी. फुटाणे भाजणं, पेले विसळणं, ओकाऱ्या धुणं, भांडण झालं तर मध्ये पडणं, वहीत कोणाची किती उधारी ती तोंडपाठ ठेवणं. लिहिता येत नव्हतं तिला, पण चाळीस माणसांचा हिशेब डोक्यात. परक्या पुरुषांत बसते म्हणून गावच्या इज्जतदार बाया तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत. घरात मात्र सगळे म्हणत, दुकान आबाजीचं.

लिलाव दरवर्षी. कापूस चांगला झाला, भाव चढा असला की बोली चढायची, कारण शेजारच्या गावचा कोणी तरी दुकान हिसकायला टपलेला असायचा. बोली चांगल्या वर्षाची, भरणा पुढच्या वर्षात. ते पुढचं वर्ष कसं निघेल हे कोणाला माहीत? १९३० नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. पिणारे कमी झाले नाहीत, रोख देणारे कमी झाले. सरकारला मात्र उधारी चालत नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला रोकडा पाहिजे. वहीत हजारो आणि गल्ल्यात शंभर नाहीत, अशी गत झाली. मग सावकार. आणि सावकाराच्या आधी आजीचं अंग. ती सांगायची, "दर लिलावाले माह्या अंगावरचा एक डाग कमी होये." पहिल्यांदा पाटल्या, मग बोरमाळ, मग एकदाणी. लहानपणी मी विचारायची, आजी, तू नाही का म्हटलं नाहीस? ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी विचारतेय पाऊस का थांबवला नाहीस.

यातली एक गोष्ट लपवली तर मी खोटी ठरेन. आमच्या घरानंही घेतलंय. एका कोलामाची उधारी वाढत गेली आणि त्याचं पाच एकर शेत आजोबाच्या नावावर झालं. मध्य प्रांतात कलार आणि सावकारांनी उधारीपोटी आदिवासींच्या जमिनी गिळल्या, हे काही बदनामीसाठी रचलेलं नाही, ते झालंय. माझ्या घरात झालंय. ते शेत आमच्याकडे सात वर्षं राहिलं. मग लिलावाच्या रकमेसाठी आजोबानं तेच गहाण टाकलं आणि ते सावकाराकडे गेलं. पुढे १९७४ च्या कायद्यानं आदिवासींच्या जमिनी परत देण्याची सोय केली ती १९५७ नंतरच्या व्यवहारांपुरती. हे शेत त्याच्या कितीतरी आधी गेलेलं. कोलामाच्या नाती आजही दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला जातात. रस्त्यात भेटल्या तर मला मान वर करून बोलता येत नाही. तळतळाट लागला असेल तर तो खराच म्हणा. पण त्या पाच एकरात आज तूर कोणाची उभी आहे? सावकाराच्या नातवाची. त्याला कोणाचा तळतळाट लागल्याचं मी ऐकलं नाही.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या कायद्यानं मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडेही लागू झाला. दुकान बंद. बंद झालं याचं मला दुःख नाही. पण शंभर वर्षं ज्यांच्याकडून लिलावाचे पैसे घेतले, त्यांनी उद्या काय खायचं हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. आजोबा खाटेवर बसले ते पुन्हा कामाला उठले नाहीत. पुरुषाला तशी सोय असते, तो खचू शकतो. बाईला संध्याकाळी चूल पेटवायचीच असते. आजीनं मागच्या वाडीत मडकं लावलं.

म्हणजे ज्या दिवशी दारू बेकायदा झाली त्या दिवसापासून आमच्याकडे धंदा पूर्णपणे बायांच्या अंगावर आला. आजी आणि माझी माय. मोहाचा सडवा रात्री, भट्टी पहाटे. हप्ता ठरलेला. तरी वर्षातून एकदा धाड पडायची, कारण कागदावर धाड दिसावी लागते. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. माय दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री भट्टी लावायची. त्या साली तिला पकडून नेलं. मडकी फोडली, पंचनामा झाला, दंड झाला. आता नीट ऐका. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून दंड भरण्यासाठी आजीनं त्याच आठवड्यात नवी मडकी आणली. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलंय. दंड, हप्ता आणि पुन्हा भट्टी. त्यात शिल्लक राहायची ती बापाला प्यायला. घरात दारू असताना त्याला बाहेर जायची गरजच नव्हती.

आणि मग १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. म्हणजे दारू पुन्हा कायदेशीर झाली, सीलबंद बाटलीतून, परवान्याच्या दुकानातून. परवाना कोणाला मिळाला? ज्याच्याकडे भांडवल होतं आणि पोलिसांच्या दप्तरात ज्याचं नाव नव्हतं त्याला. आमचं नाव दप्तरात होतं. तालुक्याचं दुकान एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेलं. पुढे नवे परवाने देणं जवळजवळ थांबलं, त्यामुळे जुना परवाना ही इस्टेट झाली. वाटण्या होतात, भागीदार घेतात, लाखांनी बोलणी होतात. म्हणजे दारूचा पैसा टिकतो बरं का! नीट कागदावर असला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

आता आपल्या चळवळीकडे येते. १९९२ मध्ये शेजारच्या आंध्रात नेल्लोरच्या बायांनी सारा दारूचे लिलाव बंद पाडले. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. आमच्या अंगात वारं संचारलं होतं. झरीच्या बाजूला एका गावात आम्ही चाळीसजणी गेलो आणि एका विधवेची मडकी फोडली. सकाळची वेळ होती. पोलीस आमच्याबरोबर होते, आम्हाला केवढा अभिमान! ती बाई ओरडली नाही की शिव्या दिल्या नाहीत. सडवा अंगणात वाहत होता, त्यात पाय टाकून ती उभी होती. म्हणाली, "माय, आता सांजेले काय रांधू ते सांगून जा." कोणी काही बोललं नाही. आम्ही घोषणा दिल्या. परतताना रस्त्यावर परवान्याचं देशी दुकान होतं. तिथंही आम्ही घोषणा दिल्या. पण तिथं तेच पोलीस आमच्या आणि दुकानाच्या मध्ये उभे राहिले, काठ्या आडव्या धरून. आम्ही निवेदन दिलं आणि घरी गेलो.

त्या रात्री मला माझी माय आठवली. हे मी आजवर गटात कधी बोलले नाही.

कायदाही असाच आहे. १९८१ च्या कायद्यानं हातभट्टीवाल्याला वर्षभर विनाखटला स्थानबद्ध करता येतं. आडव्या बाटलीचं मतदान मात्र परवान्याच्या दुकानासाठी, आणि ते जिंकणं किती अवघड करून ठेवलंय! आधी गावातल्या पाव बायामतदारांचा सहीचा अर्ज, मग यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला. झालेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या! म्हणजे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात. आमदार-खासदाराला असा नियम लावून पहा, किती निवडून येतात. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे २०१७ मध्ये महामार्गालगतची दुकानं बंद करायची वेळ आली, तेव्हा राज्यात काही शहरांतले रस्तेच महामार्गाच्या यादीतून काढून पालिकांकडे दिले गेले. परवानेवाल्यासाठी रस्त्याचं नाव बदलतं. मडकंवालीसाठी काही बदलत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. तिथल्या बायांच्या दारूविरोधी संघटनेनं त्या भारावल्या, आपल्या १८८९ च्या प्रवासवृत्तात त्यांनी तिच्याबद्दल लिहिलंही. त्या चळवळीची ठिणगी १८७३ च्या हिवाळ्यात ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावात पडली होती. बाया दारूच्या दुकानासमोर गुडघे टेकून प्रार्थना करत, दुकानदार वरमून पिंपं रस्त्यावर ओतत. पण त्या शतकाच्या शेवटी तिथल्या कितीतरी दुकानदारांचं दुकान नावालाच त्यांचं होतं. परवान्याची फी, टेबलं, आरसे, सगळं बिअरच्या कारखानदारानं उधारीवर दिलेलं. दुकानदार बुडाला की कारखानदार दुसरा उभा करायचा. तिथंही काही खानावळी-दारूघरं विधवा चालवत. प्रार्थना त्यांच्या दारात झाली. कारखानदाराच्या दारात गुडघे टेकायला जागा नव्हती.

आज आपल्या जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा आहे, तिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. दुसऱ्या अंगाला चंद्रपूर, तिथं १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. ती सहा वर्षं वर्धा नदीच्या अलीकडच्या दुकानांना काय बरकत होती, हे वणीकडच्या मैत्रिणींना विचारा. आपल्याकडेही 'स्वामिनी'नं जिल्हाबंदीसाठी मोर्चे काढले, मीही चालले. मिळालं काय? जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं, देशीचं प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये केलं, 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकार काढला आणि यातून वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षीपासून बायांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येताहेत. नवऱ्याच्या खिशातून बाटलीवाटे काढायचे आणि बायकोच्या खात्यात बहीण म्हणून टाकायचे. आमची आजी असती तर हा हिशेब तिनं तोंडी सोडवला असता.

आणि याच जिल्ह्यात शेतकऱ्यानं जीव दिला की चौकशीचा कागद येतो. जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं का, आणि तो पीत होता का. पीत होता असं निघालं की कितीतरी प्रकरणं 'अपात्र'. ज्या दारूवर सरकारनं शुल्क घेतलं तीच दारू विधवेच्या एक लाखाच्या आड येते.

माझ्या मैत्रिणी म्हणतील, तू विकणारीची वकिली करतेस. तिच्या मडक्यातली पिऊनही माणसं मरतात, बायका मार खातात. खरं आहे. मडकं बंद झालंच पाहिजे, मला त्यात सूट नको. पण आपण क्रम उलटा लावलाय. सगळ्यात सोपी शिकार आधी, म्हणून विधवेचं अंगण आधी. परवान्याचं दुकान आधी बंद करायला लावा आणि ज्या ठरावात मडकी बंद करायची त्याच ठरावात त्या बाईचं काम लिहा. रोजगार हमीवर पहिलं नाव तिचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गावाचं झालंय, मोहाची फुलं ग्रामसभेनं गोळा करून विकायची तर त्या गटात ती. तिच्यावरचे जुने खटले काढून घेण्याचा अर्ज गटानं करायचा. गाव दारूमुक्त झाल्याची पाटी ज्या गावांनी लावली, तिथल्या विकणाऱ्या बाया कुठे गेल्या याची आपल्यापैकी किती जणींनी नोंद ठेवली आहे? माझ्या वहीत एकही नाही.

सध्या आमच्या गावात आडव्या बाटलीच्या अर्जाच्या सह्या गोळा चालल्यात. गावात एक हातभट्टीवालीही आहे. नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, प्रकरण अपात्र ठरलं, कारण व्यसन. तिच्या दारात सहीला जायचं की नाही यावर गटात भांडण झालं. ती मतदार आहे, म्हणून मी गेले. तिनं अर्ज वाचून घेतला. म्हणाली, "सही देतो मी. परवान्याचं दुकान बंद झालं तं मलेच बरं, माहा पोरगा तिथंच बसते. पण माह्या मडक्याचं का ठरलं, ते पयले सांग." मी म्हटलं, सांगते. ठरावाचा कागद माझ्या पिशवीत आहे, आणि त्यात तिच्यासाठी ओळ घालायची की नाही यावर मंगळवारी बैठक आहे.